वाजवायला कारण लागतं

१९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात एक मैफल झाली. हिंदी चित्रपटांत व्हायोलिन वाजवणाऱ्या आणि वाद्यवृंदाची रचना करणाऱ्या अँथनी गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ नावाचा वाद्यवृंद उभा केला होता. मंचावर शंभराच्या आसपास वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागांवर बांधलेलं, पण पाश्चात्त्य पद्धतीनं कागदावर उतरवलेलं संगीत तिथे वाजलं. उपक्रम पुढे फार टिकला नाही, आणि त्याबद्दल हळहळणारे लेख वेळोवेळी येत असतात. मला त्यात वेगळंच कुतूहल आहे. कागद समोर ठेवला की वाजवायला लागणारी एवढी माणसं त्या काळच्या मुंबईत आली कुठून? सरकारी संगीतशाळा नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या, वाद्यं परवडावीत अशी घरची परिस्थिती तर बहुतेकांची नव्हतीच.

त्या काळच्या स्टुडिओंत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बसणाऱ्यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता, आणि त्यांतले पुष्कळसे गोव्यातल्या गावोगावच्या इगर्जींना, म्हणजे चर्चना, जोडलेल्या शाळांतून तयार झालेले होते. खुद्द गोन्साल्विस माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा. वडील गावच्या इगर्जीतल्या गायकवृंदाचे मास्तर. मुलगा १९४३ मध्ये मुंबईला आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात बसला. पुढे प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाजलेल्या गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलालनी गुरूचं नाव अमर करून ठेवलं. हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. ती शाळा मात्र विस्मरणात गेली.

शालेय वाद्यसंगीताचा उपक्रम कशानं यशस्वी होतो, हा प्रश्न हल्ली पालकसभांत, संस्थाचालकांच्या बैठकांत आणि नव्या शैक्षणिक धोरणावरच्या परिसंवादांत वारंवार निघतो. उत्तरंही ठरलेली: चांगली वाद्यं हवीत, तज्ज्ञ शिक्षक हवेत, स्वतंत्र खोली हवी, स्पर्धा हव्यात. यातलं काहीच चुकीचं नाही. पण यातलं जवळजवळ काहीच नसताना, अगदी जुजबी साधनांवर, काही शतकं चाललेली एक व्यवस्था आपल्या शेजारी होती. ती नीट पाहिली तर उत्तराचा क्रम बदलतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून गोव्यात इगर्जीला लागून शाळा काढल्या. हेतू धर्मप्रसाराचा होता. संगीतप्रेम वगैरे नंतरची भर. प्रार्थना लॅटिनमधून गायच्या, त्या सुरात गायच्या, त्यासाठी गायक-वादक गावातच तयार करायचे, इतका सरळ हिशेब. मुलाला अक्षरओळख, धर्मपाठ आणि संगीत एकाच माणसाकडून मिळे. त्याला ‘मेस्त’ म्हणत. हा मेस्त रविवारी गायकवृंद चालवी, ऑर्गन किंवा पेटी वाजवी, वाद्यांचे भाग हातानं लिहून काढी, सणाची तालीम घेई. पगार बेताचाच. पण तो गावात राही, त्याची बदली होत नसे, आणि त्यानं शिकवलेलं पोर पुढच्या रविवारी चुकलं तर सगळ्या गावाला कळे.

शिकवण्याचा क्रमही ध्यानात घ्यावा असा होता. आल्या आल्या मुलाच्या हाती वाद्य देत नसत. आधी सोल्फा: कागदावरचे सूर नावानं गायचे, हातानं मात्रा मोजायच्या, रोज, महिनोन्‌महिने. बघून गाता येऊ लागलं की मग व्हायोलिन. पुढे कोणी क्लॅरिनेटकडे जाई, कोणी कॉर्नेटकडे. तोवर संगीत वाचणं मुलाच्या अंगवळणी पडलेलं असे, म्हणून नवं वाद्य उचलताना फक्त बोटं शिकायची उरत. एकच माणूस सकाळी इगर्जीत व्हायोलिन आणि रात्री लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो, याचं बाहेरच्यांना वाटणारं आश्चर्य इथे विरघळतं. आणि खर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर पहिलं वर्षभर शाळेला वाद्यच लागत नाही. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. आधी वाद्यं येतात, फोटो निघतो, मग शिकवणारा शोधतात.

पण माझ्या मते खरी मेख पुढे आहे. त्या मुलाच्या वाजवण्याची गावाला गरज होती. दर रविवारी मिस्सा. वाड्यावाड्यांतल्या खुरसांपुढे (क्रुसांपुढे) आणि घरोघरी लादाइन ही गाऊन म्हणायची प्रार्थना, त्याला व्हायोलिन हवंच. उपासकाळात मोतेत, म्हणजे गोव्यातच रचलेल्या शोकगंभीर रचना. त्यांना व्हायोलिनं, क्लॅरिनेट आणि खर्जाला मोठा रबेकांव. गावचं फेस्त, त्यात पहाटेपासून फिरणारा बँड. लग्नं, मर्तिकं. म्हणजे कॅलेंडरच वाद्यांचं. वाद्यवृंदाच्या रचनेत एक सोय अशी असते की दुसऱ्या-तिसऱ्या व्हायोलिनचा भाग सोपा ठेवता येतो, त्यामुळे नऊ-दहा वर्षांचं पोरही, चार सूर धड लागायला लागले की, कामाला येतं. ते प्रेक्षकांचं कौतुक मिळवायला वाजवत नाही. ते नसेल तर तिसरा आवाज कमी पडतो, म्हणून वाजवतं. मुलाच्या मनावर या दोन गोष्टींचा परिणाम किती वेगळा होतो, हे कुठल्याही संगीतशिक्षकाला विचारावं.

मग पोट. गोव्यात काम नव्हतं, ब्रिटिश हिंदुस्थानात होतं. पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड, आगबोटी, मूकपटांची थिएटरं, हॉटेलं, १८९२ मध्ये मुंबईतच जन्मलेला तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार. धोबीतलावच्या गल्ल्यांत गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या, होते. नव्यानं आलेला पोरगा आपल्या गावच्या कुडात ट्रंक ठेवायचा आणि आधीच्या गाववाल्याच्या ओळखीनं कामाला लागायचा. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं जाझ वाजवू लागले आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’त (१९५१) त्यांनी तो रंग मराठी कानांपर्यंत पोचवला. सेबास्तियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंदरचनाकार होते. चाल सुचलेली कुणाला, कागदावर उतरवलेली कुणी आणि श्रेयनामावलीत नाव कुणाचं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कडवट आहे.

या शाळेची आरती ओवाळायचं कारण नाही. ती ख्रिस्ती घरांपुरती होती. पुढे धंद्यात शिरले ते बहुतेक मुलगेच. ख्रिस्ती समाजातला जातिभेद इगर्जीच्या दारात गळून पडत नव्हता. आणि मेस्तच्या छडीच्या आठवणी जुन्या वादकांच्या बोलण्यात सुरांच्या बरोबरीनं येतात. गोव्याच्या दुसऱ्या अंगाला देवळांतही असंच एक कॅलेंडर होतं: पालखी, जत्रा, चौघडा, कीर्तन. त्यातूनच मोगूबाई, केसरबाई यांच्यासारख्या गायिका आणि खाप्रुमामा पर्वतकरांसारखा लयीचा महापंडित घडला. तिथली सामाजिक किंमत तर आणखी जबर होती, आणि ती कलावंत घराण्यांतल्या बायकांनी मोजली. दोन्हीकडे शिकवण्याची पद्धत वेगळी, धर्म वेगळा. वाजवण्याला नेमून दिलेलं काम मात्र दोन्हीकडे होतं.

१९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर सगळं एकदम बदललं. सरकारी शाळा गावोगाव निघाल्या, अक्षरओळखीसाठी इगर्जीच्या शाळेची गरज उरली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना लॅटिनमधून कोंकणीत आल्या, आणि कोंकणीबरोबर गिटारही आली. कोंकणी आली हे उत्तमच झालं. पण चार आवाजांच्या रचना आणि त्यांना लागणारी व्हायोलिनं मागे पडली. मुलं आखातात गेली. मुंबईच्या स्टुडिओंत सिंथेसायझर आल्यावर तिथली मागणीही आटली. आता पणजीत कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा रीतसर विभाग आहे, आणि २००९ मध्ये सुरू झालेली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया’सारखी संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांना व्हायोलिन-चेलो शिकवते. काम मोलाचं आहे. पण गावाच्या कॅलेंडरमधून जे फुकट मिळत होतं, ते आता दरवर्षी देणग्या मागून उभं करावं लागतं.

आता इंग्लंडमधली एक गोष्ट, कारण ती या सगळ्याची उलट बाजू दाखवते. १८९७ मध्ये केंट परगण्यातल्या मेडस्टन गावी ऑल सेंट्स शाळेत व्हायोलिनचे सामुदायिक वर्ग सुरू झाले. मागे मर्डोक नावाची वाद्यं विकणारी कंपनी होती. मुलानं आठवड्याला काही पेन्स भरायचे, त्यात व्हायोलिन हप्त्यांनी त्याच्या मालकीचं व्हायचं. शाळेची पैची गुंतवणूक नाही. कल्पना वणव्यासारखी पसरली. १९०९ च्या सुमारास सुमारे ५,००० शाळांतली ४,००,००० मुलं या योजनेत होती. म्हणजे ब्रिटनमधल्या सरकारी शाळांतलं दहातलं एक मूल. लंडनच्या मोठमोठ्या सभागृहांत हजारो मुलं एकदम व्हायोलिन वाजवायची आणि वर्तमानपत्रांना मजकूर मिळायचा. आकड्यांवर यश मोजायचं तर याहून यशस्वी उपक्रम शालेय वाद्यसंगीताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पहिल्या महायुद्धानंतर तो ओसरत गेला आणि १९३० च्या दशकात संपला. कारणं इतिहासकार बरीच देतात: ग्रामोफोन आला, रेडिओ आला, कंपनीचा धंदा बसला. मला त्यात आणखी एक दिसतं. त्या चार लाख मुलांच्या वाजवण्याचं गावात कुणाचं काही अडलेलं नव्हतं. वर्षातून एक भव्य दिवस, बाकीचे दिवस वर्ग. कंपनी गेल्यावर ‘व्हायोलिनं का थांबली?’ असं विचारायला दारात कोणी आलं नसणार.

मेडस्टनचं पाहून बोस्टनच्या अल्बर्ट मिचेल या शिक्षकानं १९११ च्या सुमारास अमेरिकेत व्हायोलिनचे सामुदायिक वर्ग काढले. अमेरिकेत गोष्ट रुजली, आणि तिथेही धंदेवाल्यांचा हात होता. पलटणींच्या बँडची मागणी युद्धानंतर घटली, तेव्हा १९२३ मध्ये शिकागोत झालेली पहिली राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा वाद्यं बनवणाऱ्या कारखानदारांनीच भरवली. थोड्याच वर्षांत बोलपट आले, मूकपटांच्या थिएटरांतले वादक रस्त्यावर आले आणि त्यांतले कितीतरी शाळांत शिक्षक झाले. (त्याच बोलपटांनी मुंबईत गोवेकरांना स्टुडिओ दिले. एका लाटेचे दोन किनारे.) मात्र स्पर्धा आणि शिक्षक यांवरच अमेरिकेतला शालेय बँड शंभर वर्षं टिकला, असं मला वाटत नाही. फुटबॉलच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या मैदानावर बँड लागतोच. बँडशिवाय सामना म्हणजे गावाला चुकल्यासारखं वाटतं.

व्हेनेझुएलाचं ‘एल सिस्तेमा’ हे नाव या विषयात टाळता येत नाही. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकासमधल्या एका गॅरेजात मूठभर पोरं घेऊन या वाद्यवृंद-उपक्रमाची सुरुवात केली. पुढे सरकारी, म्हणजे शेवटी तेलाच्या, पैशावर ते देशभर पसरलं आणि गुस्ताव्हो दुदामेलसारखा वाद्यवृंद-संचालक त्यातून निघाला. तिथलं मला आवडतं ते असं की शाळा सुटल्यावर मुलं जवळजवळ रोज येतात आणि पहिल्यापासून वाद्यवृंदात बसतात. अगदी लहानांना तर कागदाच्या लगद्याची व्हायोलिनं करायला लावतात. ती धरून बसायचं, उठायचं, संचालकाकडे बघायचं शिकतात. मात्र गरिबीतून वर काढणारा चमत्कार म्हणून त्याचे जे गोडवे गायले जातात, त्यांना टाचणी लागली आहे. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या पैशानं झालेल्या मोठ्या अभ्यासात मुलांच्या आत्मसंयमात थोडी सुधारणा दिसली, पण प्रवेश घेणाऱ्यांत गरीब मुलांचं प्रमाण त्या भागातल्या एकूण प्रमाणापेक्षा बरंच कमी निघालं. रोज दुपारी मुलाला पोचवायला कुणाला जमतं, हा प्रश्न काराकासमध्येही आहे आणि कोल्हापुरातही.

महाराष्ट्रात शाळांतून उगवलेला सगळ्यात टिकाऊ वाद्य-उपक्रम कोणता, असं विचारलं तर मी ढोल-ताशा पथकांचं नाव घेईन, आणि शास्त्रीय संगीताचे शिक्षक माझ्यावर रागावतील. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत शाळकरी मुलांच्या गळ्यात ढोल आला तो ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांमुळे, असं पुण्यात सांगतात. मुळशी-मावळच्या खेड्यांतला ढोल त्यांनी पेठांत आणला. मग रमणबाग, नूमवि आणि इतर शाळांच्या नावानं पथकं निघाली, माजी विद्यार्थ्यांनी ती वाढवली. शिक्षण खात्याची योजना नाही, अनुदान नाही. गणपतीच्या दोनेक महिने आधी सराव सुरू होतो. नवा भिडू एका हातात टिपरू घेऊन दुसऱ्या हाताची थापी बसवतो, ताशेवाल्याच्या इशाऱ्यावर ताल बदलायला शिकतो. मोठी मुलं लहानांना शिकवतात, म्हणून शिक्षकांची टंचाई भासत नाही. पान सैल पडलं की ढोल ताणायचा कसा, हेही त्यातच येतं. आणि मुली! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे अप्रूप होतं, त्यात आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

तक्रारी खऱ्या आहेत. आवाजानं नदीकाठचे रहिवासी हैराण होतात. पथकं फुगत गेली, सुपाऱ्या घेऊ लागली. आणि मूळ उणीव अशी की इथे लय आहे, सूर नाही. दहा वर्षं ढोल वाजवलेल्या मुलाला सा कुठे लावावा हे कळेलच असं नाही. तरी यंत्रणा बघा: ठरलेला दिवस, गावाला हवीशी असलेली गोष्ट, नवख्यालाही रांगेत जागा, वरच्यानं खालच्याला शिकवणं. माजोर्ड्याच्या मेस्तला हे सगळं ओळखीचं वाटलं असतं.

याउलट आपल्या नेहमीच्या शाळेतलं वाद्यसंगीत. बँडची ढोलकी, साइड ड्रम, बिगुल, झांजा कपाटात असतात आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस बाहेर निघतात. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायला सांगितलं आहे. म्हणजे चित्रकला, संगीत, नाटक मिळून एक माणूस, तोही अर्धवेळ. त्याच्याकडून मेस्तची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. खासगी पेटी-तबल्याचे वर्ग चालतात, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा हजारो मुलं देतात, आणि दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. गुणांमुळे मुलं येतात हे मान्य. दहावीचा निकाल लागला की तबल्याची जोडी माळ्यावर जाते, हेही घरोघरी पाहायला मिळतं.

देखभालीविषयी कुणीच बोलत नाही, म्हणून थोडं सांगतो. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे लागतं: पाव, अर्धं, पाऊण, मग पूर्ण. म्हणजे दहा पूर्ण व्हायोलिनं विकत घेणाऱ्या शाळेनं पाचवीच्या मुलांसाठी काहीच घेतलेलं नसतं. कोकणातल्या पावसात सांधे सुटतात, खुंट्या फुगून अडकतात, गजाच्या केसांना बुरशी धरते. पेटी वापरली नाही तर भात्याला भोकं पडतात आणि पट्ट्यांचे सूर उतरतात. तबल्याची शाई उडते. निधी वाद्यखरेदीला मिळतो; तारा, केस, शाई आणि पान यांना मिळत नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले गेले. त्याच मिरजेच्या कारागिराला वर्षातून दोनदा तालुक्यातल्या शाळांची वाद्यं तपासायला बोलावून रीतसर मेहनताना दिला, तर मला वाटतं कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा जास्त मुलं वाजवती होतील.

पण दुरुस्त केलेलं वाद्यही वाजवायला कारण लागतं, आणि गंमत अशी की मराठी शाळेकडे ते रोजचं कारण आयतं आहे. परिपाठ. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. २०२३ मध्ये ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं, त्याची दोन कडवी १ मिनिट ४१ सेकंदांत बसतात. शिवाय प्रार्थना. म्हणजे दररोज, सक्तीनं, सगळ्या शाळेसमोर, चारेक मिनिटं संगीत लागतंच लागतं. पूर्वी या वेळेला एखादे गुरुजी किंवा बाई पेटी ओढायच्या. आता बहुतेक ठिकाणी मोबाइल ब्लूटूथ स्पीकरला जोडतात आणि शाहीर साबळ्यांचा आवाज मैदानभर घुमतो. आवाज थोरच आहे, पण त्याला कुणाची साथ लागत नाही.

ही चार मिनिटं मुलांच्या हवाली करायला काय लागेल, याचा हिशेब मी एकदा वहीवर मांडला. एक पेटी, एक तबला किंवा ढोलकी, झांजांच्या दोन जोड्या, आणि असतीलच तर दोन बासऱ्या. मुलांच्या गळ्याला झेपेल अशी पट्टी एकदा ठरवायची आणि मग बदलायची नाही. सहावीतल्या मुलांचा संच, त्यांच्या शेजारी पाचवीतली दोघं फक्त झांज धरून. ती पुढच्या वर्षी पेटीवर येतील. आठवडाभर एक संच, पुढच्या आठवड्यात दुसरा. निदेशक अर्धवेळ असला तरी चालतो, कारण तो आला नाही तरी दुसऱ्या दिवशीचा परिपाठ थांबत नाही आणि सातवीतल्या मुलाला सहावीतल्याची चूक दाखवायची संधी मिळते. सुरुवातीचे काही महिने राष्ट्रगीत डगमगेल. काही पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार करतील की स्पीकरवर छान वाजायचं. त्या तक्रारीला मुख्याध्यापक काय उत्तर देतात, इथपर्यंतच माझ्या हिशेबाची मजल गेली.